इमॅक्युलाटाच्या मुली आणि 1972 चे अजिंक्यपद

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरापासून पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर, पेनसिल्व्हेनिया राज्याच्या चेस्टर काउंटीत, एका टेकडीवर इमॅक्युलाटा कॉलेज उभे आहे. ‘सिस्टर्स, सर्व्हंट्स ऑफ द इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी’ (आयएचएम) या कॅथलिक सिस्टर्सच्या संघाने 1920 साली ते मुलींसाठी सुरू केले. त्या वेळी त्याचे नाव व्हिला मारिया कॉलेज होते. 1929 पासून ते इमॅक्युलाटा झाले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी कॉलेजात जेमतेम काहीशे मुली शिकत होत्या. एवढ्याशा कॉलेजच्या संघाने मार्च 1972 मध्ये अमेरिकेतल्या महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलचे पहिले अधिकृत राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. महाविद्यालयीन स्त्रियांच्या खेळाचा इतिहास नोंदवणाऱ्या या स्मरणिकेत त्या हंगामाची हकिगत सविस्तर यायलाच हवी.

ही हकिगत सांगताना बहुतेक जण ‘चमत्कार’ म्हणून मोकळे होतात. सिस्टर्सचे कॉलेज, जिम नाही, पैसा नाही, सोळा संघांत पंधरावे मानांकन आणि तरी विजेतेपद. यातला तपशील सगळा खरा आहे, पण चमत्कार हा शब्द मला पटत नाही. त्या एका शब्दामागे तीन-चार पिढ्यांची मेहनत झाकली जाते. या मुली कुठून आल्या, त्यांच्या हातात चेंडू कोणी दिला, आणि नेमक्या त्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय स्पर्धा कशी लाभली, हे पाहिले की विजयाची मुळे दिसू लागतात.

थोडे मागे जावे लागेल. जेम्स नाइस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी बास्केटबॉलचा शोध लावला. काही महिन्यांतच शेजारच्या नॉर्दम्प्टनमधील स्मिथ कॉलेजच्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवायला घेतला. मार्च 1893 मध्ये तिथे दोन वर्गांच्या मुलींचा सामना झाला, आणि त्या सामन्याला पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. मुलींना झेपावे आणि त्यांनी ‘बाईपण’ सोडू नये म्हणून बेरेन्सन यांनी नियम मवाळ केले. कोर्टाचे तीन भाग पाडले, ज्या मुलीचा जो भाग तिने तिथेच खेळायचे. चेंडू दुसरीच्या हातून हिसकायचा नाही, ड्रिबलही मोजूनमापून. मुली खेळू लागल्या ही मोठी गोष्ट होती, पण त्या नियमांनी पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे त्यांच्या पायांत दोरी बांधली. 1920 नंतर तर व्यायामशिक्षणातल्या जाणत्या स्त्रियांनीच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांविरुद्ध मोहीम उघडली. सर्व मुलींनी थोडे थोडे खेळावे, मोजक्या मुलींनी जिंकण्यासाठी जिवाचे रान करू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा हेतू स्वच्छ होता, पुरुषांच्या खेळात शिरलेला पैसा आणि लबाडी त्यांना इकडे नको होती. परिणाम मात्र असा झाला की कॉलेजांमागून कॉलेजांनी मुलींचे संघ मोडीत काढले.

फिलाडेल्फियाच्या कॅथलिक वस्त्यांत हे वारे फारसे शिरले नाही. तिथे प्रत्येक चर्चच्या परिसरात एक शाळा, शाळेला एक संघ. आयरिश आणि इटालियन कष्टकरी कुटुंबांच्या मुली भावांबरोबर गल्लीत आणि शाळेच्या आवारात खेळत मोठ्या व्हायच्या, मग कॅथलिक मुलींच्या हायस्कूल लीगमध्ये उतरायच्या. या लीगचे सामने चुरशीचे व्हायचे, बघायला आईबाप आणि शेजारीपाजारी लोटायचे. आणि शाळांमधून शिकवत कोण होत्या? पुष्कळ ठिकाणी आयएचएम संघाच्या याच सिस्टर्स. हायस्कूल संपलेल्या गुणी मुलीला पुढचे कॉलेज कोणते हे सुचवायला त्या हाताशी असत. इमॅक्युलाटात 1939 पासून बास्केटबॉलचा आंतरमहाविद्यालयीन संघ होता, तोही जिंकायच्या इराद्याने खेळणारा. देशातल्या बड्या विद्यापीठांत मुलींसाठी संघच नसताना या टेकडीवर तो अखंड चालू राहिला.

नोव्हेंबर 1967 मध्ये कॉलेजच्या फील्ड हाउसला आग लागली आणि ते खाक झाले. संघ बेघर झाला. मिळेल तिथे सराव करायचा, त्यात सिस्टर्सच्या मठाच्या तळघराचाही आसरा. सामने दुसऱ्यांच्या कोर्टावर. आपल्याकडे तालुक्याच्या गावी पाऊस आला की खो-खोचा संघ एखाद्या मंगल कार्यालयाचा हॉल मागायला हिंडतो, तशीच ही गत.

1970 साली संघाला नवीन कोच मिळाल्या. कॅथी रश. वय बावीस-तेवीस, धर्माने प्रोटेस्टंट, शिक्षण शेजारच्याच वेस्ट चेस्टर स्टेट कॉलेजात, मानधन हंगामाला 450 डॉलर. त्यांचे पती एड रश राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, पंच होते. पुरुषांच्या सर्वोच्च पातळीवरचे बास्केटबॉल या घरात रोजच्या बोलण्यातले. कॅथी रश यांनी मुलींना तेच बास्केटबॉल शिकवले. पिक अँड रोल, कोर्टभर दबाव टाकणारा बचाव, चेंडू मिळताच फास्ट ब्रेक. मुलींना हे जड जाईल, अशी शंका त्यांनी मनाला शिवू दिली नाही. सात हंगामांत त्यांच्या संघाने 149 सामने जिंकले आणि फक्त 15 गमावले.

याच सुमारास थेरेसा शँक इमॅक्युलाटात आली. ग्लेनोल्डन या उपनगरातली ही मुलगी कार्डिनल ओ’हारा हायस्कूलकडून खेळलेली, पावणेसहा फुटांहून उंच, रिबाउंडला तिच्या वर हात जाणे अवघड. तिला खरे तर मेरीलँडमधल्या एका कॉलेजात जायचे होते. पण घरच्यांच्या राहत्या घराला आग लागली, सगळे विस्कटले, आणि घराजवळ राहून शिकता येईल असे कॉलेज तिने निवडले. एका आगीने कॉलेजची जिम नेली, दुसऱ्या आगीने कॉलेजला त्याची सर्वोत्तम खेळाडू मिळवून दिली. 1970-71 च्या हंगामात एका अपघातात तिचे गळपट्टीचे हाड मोडले. ती बाहेर बसली आणि चांगला चाललेला संघ अडखळला. ती परत येईल तेव्हा या संघाचे काय होऊ शकेल, हे रश यांनी तेव्हाच ओळखले असणार.

1971-72 चा हंगाम दोन कारणांनी वेगळा होता. पहिले, नियम बदलले. त्याआधी कॉलेजच्या मुली सहा-सहा जणींच्या संघाने खेळत, त्यातल्या बहुतेकींना अर्धेच कोर्ट मोकळे. या वर्षापासून पाच खेळाडू, पूर्ण कोर्ट आणि 30 सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याचे बंधन अधिकृत झाले. रश शिकवत होत्या तो खेळ आता नियमात बसला. दुसरे, महिला महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांसाठी एआयएडब्ल्यू ही राष्ट्रीय संघटना कामाला लागली आणि सोळा संघांची बास्केटबॉल स्पर्धा जाहीर झाली. इथे वेस्ट चेस्टरच्या कोच कॅरल एकमन यांचे नाव आदराने घ्यायला हवे. 1969 साली त्यांनी आपल्या कॉलेजात निवडक संघांना बोलावून पहिली राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा भरवली होती, आणि त्यांच्याच मुलींनी ती जिंकली होती. एआयएडब्ल्यूची स्पर्धा त्याच वाटेवरची पुढची पायरी.

इमॅक्युलाटाने हंगामभर एकही सामना गमावला नाही. मग विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर आले वेस्ट चेस्टर. त्याच काउंटीतले, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारे मोठे सरकारी कॉलेज, रश यांची मातृसंस्था. निकाल लागला 70-38. बत्तीस गुणांनी हार. बास्केटबॉल जाणणाऱ्याला सांगायला नको, इतक्या फरकाने हरलेल्या संघाच्या मनात काय चालते. तरीही विभागातला उपविजेता म्हणून राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडे राहिले. मानांकन मात्र पंधरावे.

स्पर्धा होती इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी, इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीत. फिलाडेल्फियाहून तिथे जायला विमान हवे, आणि कॉलेजकडे पैसे नव्हते. मुलींनी दातांचे ब्रश विकले. दारोदार, ओळखीपाळखीत, मिळेल त्याला ब्रश. जमले त्यात आठच खेळाडूंची सोय झाली, बाकीच्या मुली मागे राहिल्या. तिकिटे स्टँडबायची, म्हणजे विमानात जागा उरली तर बसायचे. तिथे पोचल्यावर एका खोलीत चौघी.

आठ खेळाडू म्हणजे काय याचा विचार करा. पाच कोर्टवर, तीन बाकावर. सरावाला पाच विरुद्ध पाच असा डाव मांडता येत नाही. दोघींना फाउल भरून बाहेर जावे लागले आणि एकीचा पाय मुरगळला, की बदलीला कोणी उरत नाही. अंगावर निळा लोकरी ट्युनिक, त्याला चुण्या, कमरेला पट्टा, आत ब्लूमर. तो घालून पूर्ण कोर्टभर धावायचे, बचावात वाकायचे, उडी मारून रिबाउंड घ्यायचा. सत्तर वर्षांपूर्वीच्या संकोचाने शिवलेल्या कपड्यांत या मुली सत्तरच्या दशकातला वेगवान खेळ खेळत होत्या.

पहिल्या फेरीत साउथ डकोटा स्टेटवर 60-47. हा त्यातल्या त्यात सुखाचा विजय. दुसऱ्या फेरीत इंडियाना स्टेटवर 49-47, एका बास्केटच्या फरकाने. उपांत्य सामन्यात मिसिसिपी स्टेट कॉलेज फॉर विमेन, म्हणजे आदल्या वर्षीच्या निमंत्रित स्पर्धेचे विजेते, त्यांच्यावर 46-43. आणि अंतिम सामन्याला पुन्हा वेस्ट चेस्टर.

अंतिम सामन्यासह चारही निकालांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. प्रतिस्पर्ध्यांचे गुण : 47, 47, 43, 48. चौघांपैकी एकालाही पन्नाशी गाठता आली नाही. ज्या वेस्ट चेस्टरने थोड्याच दिवसांपूर्वी 70 गुण लुटले होते, त्यांना इथे 48 वर रोखले. चमत्काराची कथा सांगणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. गुण करताना एखाद्या दिवशी नशीब साथ देते, हात लागतो, चेंडू रिंगवर घोटाळून आत पडतो. बचावाचे तसे नाही. त्यात दर वेळी पाय हलवावे लागतात, आपल्या वाट्याची खेळाडू सोडता येत नाही, आणि थकल्यावरही शेजारणीच्या मदतीला धावावे लागते. चार सामने ओळीने तो बचाव टिकला, तोही फक्त आठ जणींच्या जोरावर. तळघरातल्या सरावाचे आणि कोचच्या तगाद्याचे ते फळ होते.

अंतिम सामना इमॅक्युलाटाने 52-48 असा जिंकला. त्यातले 26 गुण, बरोबर निम्मे, एकट्या थेरेसा शँकचे. राष्ट्रीय अजिंक्यपद आणि उपविजेतेपद दोन्ही एकाच काउंटीत गेले, हे मला फार बोलके वाटते. पूर्व पेनसिल्व्हेनियात मुलींचे बास्केटबॉल किती खोल रुजले होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता? त्या वर्षी एआयएडब्ल्यूच्या नियमांनुसार खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई होती. त्यामुळे दूरदूरच्या खेळाडू कोणी विकत आणू शकत नव्हते; ज्या परिसरात मुली लहानपणापासून खेळत होत्या तोच परिसर जिंकणार होता. इमॅक्युलाटाचा हंगाम 24 विजय आणि एक पराभव असा संपला. परतल्यावर फिलाडेल्फियाच्या विमानतळावर स्वागताला गर्दी जमली होती.

संघाचे सर्वांत हौशी पाठीराखे म्हणजे सिस्टर्स. खेळाडू रिनी मुथच्या वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. त्यांनी पत्र्याच्या बादल्या आणल्या, काठ्या आणल्या, आणि झगे घातलेल्या सिस्टर्स गॅलरीत बसून त्या बादल्या बडवू लागल्या. प्रतिस्पर्धी संघांना हा कल्लोळ नकोसा व्हायचा. ज्यांना प्रवास शक्य नव्हता अशा वृद्ध सिस्टर्स कॉलेजच्या आवारातल्या कॅमिला हॉलमध्ये राहत. त्या तिथून संघासाठी प्रार्थना करत. सामन्यापूर्वी खेळाडूही प्रार्थनेला एकत्र येत. बाहेरच्या जगाला ही गंमत वाटली, वर्तमानपत्रांना फोटो मिळाले. आत डोकावले तर दिसते की या स्त्रियांनी आयुष्यभर मुलींना शिकवले होते, त्यांतल्या काही स्वतः शाळेत असताना खेळल्या होत्या, आणि संघाचा विजय त्यांना अगदी आपला वाटत होता. मुलींच्या खेळामागे सगळी संस्था उभी राहिल्याचे असे उदाहरण त्या काळात विरळाच.

अजिंक्यपदानंतर तीन महिन्यांनी, 23 जून 1972 रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ‘टायटल नाइन’ या कलमासह शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद करता येणार नाही, असे हे कलम सांगते. कायद्याच्या मजकुरात खेळांचा उल्लेख नव्हता, तरी त्याने खेळांचेच चित्र सर्वांत जास्त बदलले. ज्या दाराची वाट मुली ऐंशी वर्षे पाहत होत्या ते उघडले.

पुढची दोन अजिंक्यपदे इमॅक्युलाटाचीच. 1972-73 मध्ये मॅरिएन क्रॉफर्ड ही चपळ पॉइंट गार्ड संघात आली आणि संघ हंगामभर अजिंक्य राहिला, वीसपैकी वीस. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमध्ये भरलेल्या त्या स्पर्धेत सदर्न कनेक्टिकटविरुद्धचा उपांत्य सामना जवळजवळ हातातून गेला होता. शेवटच्या क्षणी शँकने रिंगवरून परतलेला चेंडू आत ढकलला आणि 47-45 असा निकाल लागला. अंतिम सामन्यात यजमान क्वीन्सला 59-52 ने हरवले. 1974 मध्ये कॅन्ससला जाऊन मिसिसिपी कॉलेजवर 68-53. शँकचे कॉलेज तिथे संपले. 26 जानेवारी 1975 रोजी मेरीलँडविरुद्धचा इमॅक्युलाटाचा सामना देशभर टीव्हीवर दाखवला गेला, महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलचे ते पहिले राष्ट्रीय प्रक्षेपण, आणि इमॅक्युलाटाने तो 80-48 असा जिंकला. त्याच वर्षी 22 फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर क्वीन्सविरुद्ध खेळायला मिळाले. जवळपास बारा हजार प्रेक्षक आले. इमॅक्युलाटा 65, क्वीन्स 61.

मग डेल्टा स्टेट आले. मिसिसिपीतल्या या कॉलेजाने 1932 साली मुलींचा बास्केटबॉल संघ बंद केला होता. तरुण मुलींना हा खेळ फार दमवणारा आहे, हे कारण. त्या वेळच्या संघात मार्गारेट वेड नावाची खेळाडू होती. चाळीस वर्षांनी, 1973 मध्ये, कॉलेजाने संघ पुन्हा सुरू केला आणि कोच म्हणून बोलावले त्याच मार्गारेट वेड यांना. त्यांना मिळाली लुसिया हॅरिस, एका कृष्णवर्णीय शेतमजूर-शेतकरी कुटुंबातली उंच मुलगी. पुढे 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलची पहिली बास्केट तिच्याच हातून झाली. 1975 च्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटने इमॅक्युलाटाला 90-81 ने हरवले, 1976 मध्ये 69-64 ने. इमॅक्युलाटाचा पराभव हा एका अर्थी आणखी जुन्या अन्यायाची भरपाई होता, म्हणून तो वाचताना मला वाईट वाटत नाही.

दरम्यान शिष्यवृत्तीवरची बंदी उठली होती. फ्लोरिडातल्या खेळाडूंनी आणि त्यांच्या क्रीडा संचालिका फर्न केलमायर यांनी 1973 मध्ये कोर्टात दावा लावला आणि एआयएडब्ल्यूला नियम सोडावा लागला. न्याय त्यांच्याच बाजूने होता. मुलग्यांना मिळणारे पैसे मुलींना का मिळू नयेत? पण मोठ्या विद्यापीठांची तिजोरी उघडल्यावर फीच्या पैशावर चालणाऱ्या छोट्या कॉलेजाची त्यांच्याशी बरोबरी होणे शक्य नव्हते. 1972 ते 1977 ओळीने सहा वर्षे इमॅक्युलाटा अखेरच्या चौघांत होते. 1977 मध्ये रश यांनी कोचपद सोडले आणि संघ पुन्हा त्या उंचीवर गेला नाही.

त्या संघाची विद्या मात्र मोठ्या विद्यापीठांत पोचली ती खेळाडूंच्या मार्फत. थेरेसा शँक, लग्नानंतरच्या ग्रेंट्झ, यांनी रटगर्सला 1982 चे एआयएडब्ल्यू अजिंक्यपद मिळवून दिले आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाला कांस्यपदकापर्यंत नेले. मॅरिएन क्रॉफर्ड, म्हणजे मॅरिएन स्टॅन्ली, यांनी ओल्ड डोमिनियनला 1979, 1980 आणि 1985 अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकून दिली. रिनी मुथ म्हणजे पुढच्या रिनी पोर्टलंड. त्यांनी पेन स्टेटमध्ये 27 वर्षे कोचपद भूषवले, पण समलिंगी खेळाडूंना संघात थारा न देण्याची त्यांची भूमिका अनेक मुलींना भोवली. विद्यापीठाच्या चौकशीत भेदभावाचा ठपका आला आणि 2007 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मुलींसाठी दार उघडणाऱ्या संघातली एक खेळाडू दुसऱ्या मुलींसाठी दार लावून घेते, ही या इतिहासातली दुखरी जागा आहे आणि ती गाळून इतिहास लिहिणे बरोबर नाही.

कॅथी रश यांना 2008 मध्ये स्प्रिंगफील्डच्या नाइस्मिथ स्मारक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. 1972 ते 1974 चा इमॅक्युलाटा संघ 2014 मध्ये तिथे दाखल झाला. हा मान मिळवणारा तो पहिला महिला महाविद्यालयीन संघ. ग्रेंट्झ आणि स्टॅन्ली यांचा वैयक्तिक सन्मान 2022 मध्ये झाला, पहिल्या अजिंक्यपदाला पन्नास वर्षे होत असताना. 2002 मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले, 2005 पासून पदवीच्या पूर्णवेळ वर्गांत मुलांनाही प्रवेश मिळू लागला. ‘माइटी मॅक्स’ हे आपले जुने टोपणनाव संघाने सोडलेले नाही. हा संघ आज राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळतो, आणि त्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही.